बंद गाळ्याचं भाडं

आमचं लग्न झालं तेव्हा घरात नवऱ्याशी बोलायला जागा नव्हती. शुक्रवार पेठेतल्या एका बोळात दोन खोल्या, मध्ये फळ्यांची आडभिंत. पलीकडं सासूबाईंनी कूस बदलली तरी अलीकडं कळायचं. बाहेरच्या खोलीत धाकटा दीर पुस्तक घेऊन बसलेला असायचा आणि दारातल्या कट्ट्यावर शेजारच्या बायका. मी वळसंगची. माहेरी कानडी, सासरीही कानडी, त्यामुळं दोघांनाच कळेल अशी भाषासुद्धा आमच्याकडं नव्हती. हे जेवायला बसले की मी वाढायचे आणि सासूबाई शेजारी बसायच्या. "मीठ", "पुरे", "ताक हाय का" एवढंच आमचं बोलणं. सासूबाईंना मी अत्ती म्हणायचे. त्या काही वाईट नव्हत्या. घरच तेवढं होतं.

मग उन्हाळा लागला आणि यांच्या गाळ्यावर माणूस कमी पडायला लागलं.

गाळा महापालिकेच्या मंडईत होता, भाजीच्या ओट्यांच्या मागच्या रांगेत. सासऱ्यांनी तो भाड्यानं घेतला होता, ते गेल्यावर यांच्या नावावर झाला. लस्सी, गुलाबाचं आणि वाळ्याचं सरबत, गोटी सोडा. कामाला एक माणूस होता, तो गिरणीत बदली कामगार म्हणून लागला आणि ऐन चैत्रात हे एकटे पडले. घुसळायचं यांनीच, ग्लास विसळायचे यांनीच, पैसे घ्यायचे यांनीच. संध्याकाळी घरी आले की बोटं पाण्यानं पांढरी पडलेली असायची. एक दिवस जेवताना अत्तीच म्हणाल्या, "हिला ने की बरोबर. घरात दोघी बसून काय करताव?"

मी वाढता वाढता थांबले. वर बघायचं धाडस झालं नाही, पण कान तापल्याचं आठवतं.

सकाळी बर्फाची लादी हातगाडीवरून यायची, तरटात गुंडाळलेली, वर लाकडाचा भुसा. ती धुऊन, पोत्यात घालून मोगरीनं फोडायची. बर्फ फोडायचा यांनी, दही घुसळायचं मी. गाळ्याची रुंदी अशी की दोघं एकदम वळलो तर कोपराला कोपर लागायचं. पहिल्या दिवशी कोपर लागलं की मी "चुकलं" म्हणायचे. असं बऱ्याचदा झाल्यावर हे म्हणाले, "दर खेपंला चुकलं म्हणाय लागलीस तर दही कवा घुसळणार?"

लग्नानंतर मला उद्देशून यांनी म्हटलेलं ते पहिलं पुरतं वाक्य असावं.

त्यानंतर आम्ही बोलतच राहिलो. गिऱ्हाईक आलं की गप्प, गिऱ्हाईक गेलं की राहिलेलं बोलणं तिथून पुढं. लहानपणी गिरणीचा भोंगा वाजला की हे कॉटखाली जाऊन बसायचे, हे मला तिथं कळलं. यांना पोहता येत नाही. इतिहासाची पुस्तकं आवडायची, पण मॅट्रिकला गणितानं दगा दिला. मी यांना आमच्या शेताचं सांगितलं, हुरड्याच्या दिवसांत माझा बाप पहाटे कणसं कशी खुडून आणायचा ते सांगितलं. सातवीनंतर माझी शाळा सुटली तेव्हा मी कशी रुसून माळ्यावर जाऊन बसले होते आणि मला खाली आणायला चुलत्याला शिडी कशी लावावी लागली, ते सांगितलं. हे हसले. हसताना यांचा आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. घरात हे हसलेले मी बघितलेच नव्हते.

शेजारचा गाळा बांगड्यांचा होता. तो चालवणारी बाई अत्तींच्या वयाची, एकटी. सगळी मंडई तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, मीही म्हणायला लागले. खालाची बोली दखनी आणि हात असा हलका की बारक्या मापाची बांगडीसुद्धा बोटांच्या गाठी ओलांडून मनगटात कधी गेली ते कळायचं नाही. दुपारी मंडई सुस्तावली की ती आमच्याकडं पाठ करून बसायची. मला वाटायचं, उन्हाची तिरीप लागते म्हणून. बऱ्याच दिवसांनी एकदा ती हसून म्हणाली, "बोलो बेटी बोलो. मैं सुनती नै."

वैशाख संपता संपता पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, बातमी आली. त्याआधीचं वर्ष कोरडं गेलं होतं, आडांनी तळ गाठला होता, लोक मिळेल ते पाणी पीत होते. आधी कुठल्यातरी खेड्याचं नाव ऐकू आलं, मग एका पेठेचं, मग आमच्या बोळापासून चार घरांवर एका विणकराच्या घरातली बाई एका दिवसात गेली. सकाळी ती नळावर माझ्या पुढं उभी होती. रेडिओवर सांगत होते, ही साथ एका गावाची, एका देशाची नाही. देशोदेशी फिरत आली आहे. एस.टी. स्टँडवर आणि स्टेशनवर टोचणीवाले बसले. आमच्या बोळात येऊन सगळ्यांना सुया टोचल्या, दंड दोन दिवस ठणकत होते. आडात पांढरी पावडर टाकली. पाण्याला असा वास यायला लागला की चहासुद्धा दवाखान्यातला वाटायचा.

एका सकाळी मंडईत टांग्यावरून कर्णा फिरला. कापलेली फळं, उघडे खाद्यपदार्थ, उसाचा रस, लस्सी, सरबत, बर्फ, सगळं पुढचा हुकूम होईपर्यंत बंद. टांग्यामागोमाग आरोग्य खात्याची माणसं आली. यांनी त्या दिवशीची लादी नुकतीच फोडली होती. त्यांनी पोतं उचललं आणि बर्फ गटारीत ओतला. दह्याची दोन पातेली ओतली, वर फिनेल टाकलं. भाजीवाल्यांची पोरं गटारीतले बर्फाचे तुकडे उचलायला धावली आणि खात्याचा एक माणूस काठी आपटत त्यांना हाकलत राहिला. हे हात बांधून बाजूला उभे होते. त्या माणसांशी भांडले नाहीत. नंतर म्हणाले, "त्येंचं बी खरं हाय. उद्या आपल्या लस्सीनं कुणाचं काय झालं असतं तर?"

यांनी फळ्या लावल्या, कडी घातली. मी रिकामं पातेलं डोक्यावर घेतलं आणि आम्ही घरी आलो. दारात पाय ठेवला, अत्ती समोर आल्या आणि आम्ही पुन्हा गप्प झालो.

बंद गाळ्याची ती पहिली आठवण आहे माझ्याकडं. धंदा गेला, पैसा थांबला, साथीची भीती होती, हे सगळं होतंच. पण मला काय झालं होतं ते मी कुणाला सांगू शकत नव्हते. एकाच घरात, हाताच्या अंतरावर असलेल्या माणसाची मला आठवण येत होती.

काही दिवस हे कट्ट्यावर बसून राहिले. मग ओळखीच्या एका ड्रायव्हरबरोबर सांगोल्याला गेले. तिकडं पाण्याचे टँकर चालू होते आणि टँकरवर माणसं लागत होती. टाकी भरायची, पावडर टाकायची, गावोगाव नळी सोडायची. जाताना यांनी अत्तींच्या पाया पडून पिशवी उचलली. माझ्याकडं बघून म्हणाले, "येतो." मी म्हणाले, "व्हय." अत्ती तिथंच उभ्या होत्या. दीर उभा होता. मी आणखी काय म्हणणार?

दिवस जाईनात. मी गाळा झाडायचं निमित्त काढलं. उंदीर लागतील, फळ्यांना वाळवी लागेल, असं काहीबाही अत्तींना सांगून दर दोन-चार दिवसांनी जायचे. एक फळी सरकवून आत शिरायचं. आत दह्याचा आंबूस वास अजून होता. यांची मोगरी कोपऱ्यात उभी. मी काही रडत वगैरे नव्हते. नुसती बसायचे, यांची जागा मोकळी ठेवून माझ्या जागेवर.

शेजारी खालाचा गाळा उघडा असायचा, कारण बांगड्यांना बंदी नव्हती. पण लग्नं पुढं ढकललेली, खेड्यांतून बायका यायच्या थांबलेल्या, आणि आली एखादी तरी अनोळखी हातात हात द्यायला धजायची नाही. खाला रोज बांगड्यांची तोरणं फडक्यानं पुसायची आणि पुन्हा टांगायची. मी दिसले की म्हणायची, "आ गे, बैठ. दोनो मिलके मक्ख्यां मारेंगे."

तिच्याकडूनच कळलं की मंडईत भाड्यावरून कुजबुज चालू आहे. महापालिकेचं भाडं थकलं की गाळा काढून घेतात आणि लिलाव करतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांची दुकानं बंद होती त्यांच्याकडंही वसुलीचा माणूस फिरून गेला होता. दोघांनी गाळे सोडून दिले होते. त्यातला एक रसवंतीवाला. त्याचा चरखा मी बैलगाडीतून जाताना बघितला.

हे एकदाच आले मधे, एका दुपारी. उन्हानं काळे पडलेले, केसांत धूळ, पायाला चप्पल घासून फोड आलेला. आणलेले पैसे यांनी अत्तींच्या हातात दिले. अत्तींनी डोळ्यांना पदर लावला, मग विचारलं, "ऊटा आतेन?" जेवलास का, म्हणून. मी ताट केलं. हे जेवले. जेवताना अत्तींनाच म्हणाले, "म्या इचार केलाय. गाळा सोडू. भरलेली अनामत तरी परत घेऊ. भाडं चढलं की तीबी जाणार. टँकरचं काम चालूच ऱ्हाणार हाय, तिकडं पाऊस कुटं हाय?"

अत्ती म्हणाल्या, "तुला बरं वाटंल तसं कर."

माझ्या हातात भाकरी होती. मी ती यांच्या ताटात ठेवली आणि म्हणाले, "गाळा झाडायचा राह्यलाय. मी जाऊन येते." दुसरं काही सुचलंच नाही. पदर घेतला आणि निघाले. हे मागनं येतील का, ते मला माहीत नव्हतं.

मी आत बसले होते. बऱ्याच वेळानं फळी सरकली. हे आत आले, फळी पुन्हा अर्धी ओढून घेतली आणि आपल्या जागेवर बसले. आत अंधुक होतं, फटींतून उन्हाच्या रेघा पडल्या होत्या. हे म्हणाले, "आईला बी पटलंय. तू का तोंड पाडून आलीस?"

"गाळा सोडू नका."

"अगं, बंद गाळ्याचं भाडं कुठनं भरू? आन् उघडला तरी बर्फ पिणार कोण आता? लोकांच्या मनात भ्या बसलंय."

"बर्फ नको तर दूध इका. च्या इका. पण सोडू नका."

"का पण?"

मला वाटत होतं, यांना कळेल. सांगावं लागणार नाही. पण हे खरंच विचारत होते. मग मी म्हणाले, "हितं सोडून तुमी मला कुटं भेटता?"

मी खाली बघत होते. बाहेर खालाच्या बांगड्या किणकिणल्या, ती तोरण टांगत असावी. मग यांनी माझा हात हातात घेतला. पाण्यात काम करूनही यांचे तळवे खरबरीत झाले होते. म्हणाले, "भाडं माफ झालं तर बघू. न्हायतर माझा इलाज न्हाय." त्या दुपारी आम्ही बराच वेळ बोललो. टँकर गावात शिरला की बाया घागरी घेऊन कशा पळत येतात, एक म्हातारी रोज यांना चिमूटभर साखर कशी देते, ड्रायव्हर गाडी चालवता चालवता कसा पेंगतो. मी हसले, मग हसता हसता घाबरले, म्हणाले, "त्येला पेंगू देऊ नका." दुसऱ्या दिवशी पहाटे हे गेले.

पुढच्या आठवड्यात मंडईतले गाळेवाले महापालिकेत जाणार असं ठरलं. खाला म्हणाली, तीही जाणार. मी अत्तींना म्हणाले, "मीपण जाऊ का? गाळा यांच्या नावावर हाय, हे हितं न्हाईत. घरातनं कुणीतरी जायाला पायजे." अत्तींनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, मला सांगता येत नाही. त्या उठल्या, ट्रंकेतून स्वतःचं इरकल लुगडं काढलं आणि म्हणाल्या, "हे नेसून जा. ऑफिसात नीट दिसाय पायजे."

आम्ही पंधरा-वीस जण होतो, त्यात बायका दोघीच. बाजार विभागाच्या साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर सकाळ गेली. आत बोलावलं तेव्हा तयार कपड्यांच्या दुकानाचे मालक पुढं झाले. वयानं मोठे, तेच सगळ्यांच्या वतीनं बोलणार होते. साहेब चाळिशीचे असतील. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यांच्याही अंगाला त्या पांढऱ्या पावडरीचा वास येत होता. सकाळी विहिरींवर, दुपारी ऑफिसात, अशी त्यांची ड्यूटी लागली होती, असं नंतर कळलं.

मालकांनी सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमची अडचण मला मान्य आहे. साथ असेपर्यंत वसुली थांबवतो. कुणाचाही गाळा काढून घेणार नाही. साथ संपली की मागचं भाडं हप्त्यानं भरा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मालकांनी हात जोडले. लोक वळायलाही लागले. आणि मला दिसलं, यांना हे सांगितलं तर हे काय म्हणतील ते. मागचं भाडं म्हणजे चढलेलंच भाडं. हे गाळा सोडणार.

"साहेब," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "दुकान आमी बंद केलं न्हाय. तुमी बंद करा म्हणालात, आमी केलं. आमचं दही वतलं, आमी काय बोललो न्हाय. तुमचंच बरोबर होतं. पण दुकान तुमच्या हुकमानं बंद, मग त्या दिवसांचं भाडं आमी साथ गेल्यावर बी कशाबद्दल भरायचं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "खरं हाय की." साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, तुमचं दुकान कसलं?"

"लस्सीचं."

"मालक?"

"सांगोल्याला टँकरवर गेलेत."

साहेबांनी जरा वेळ डोळे मिटले. मग म्हणाले, "माफ करायचं माझ्या हातात नाही. ते स्थायी समितीनं ठरवायचं. पण जी दुकानं आपल्या हुकमानं बंद झाली, त्यांच्यापुरतं मी समितीपुढं ठेवतो."

हुकमानं बंद झालेली दुकानं त्यांनी विचारून घेतली. रसवाले, फळवाले, भजीवाले, आम्ही. खाला माझ्याशेजारी उभी होती. साहेब म्हणाले, "तुमचं काय?"

"बांगड्यां, साब."

"मग तुम्हाला कुणी बंद करायला सांगितलं नव्हतं."

"हौ साब, नै बोले." खालानं आपला उजवा हात पुढं धरला, बांगडी भरताना समोरचीचा धरते तसा, बोटं गोळा करून. "पन चुड्यां भरनेकू हात होना. दुकान खुल्लाच है. हात किदर हैं?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. साहेब हसले नाहीत. ते खालाच्या हाताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तेही समितीपुढं ठेवतो. काय होईल ते सांगता येत नाही."

बाहेर पडल्यावर खालानं मला पायरीवर बसवलं. म्हणाली, "अगे, तू तो वकील निकली." मी म्हणाले, "वकील न्हाय खाला. मला घरी बोलायला मिळत न्हाय, म्हणून साठलं होतं." ती इतकी हसली की जाणारे-येणारे बघायला लागले.

समितीचा निर्णय यायला वेळ लागला. मधे पाऊस झाला, साथ वाढली, मग हळूहळू उतरली. मी रोज मंडईत जाऊन विचारायचे. शेवटी एका सकाळी कपड्यांच्या दुकानाच्या मालकांनीच मला लांबून हाक मारली. हुकमानं बंद झालेल्या दुकानांचं बंदच्या काळातलं भाडं पूर्ण माफ झालं होतं. मंडईतल्या बाकीच्या गाळ्यांचं निम्मं. निम्म्या भाड्यावर खाला खूष नव्हती. "आधा हात आया," म्हणाली. पण तिनं मला तिथंच बसवून हिरव्या बांगड्या भरल्या आणि पैसे घेतले नाहीत.

मी पोस्टात गेले, कार्ड घेतलं आणि तिथंच उभ्यानं लिहिलं. टँकरच्या ऑफिसात कार्ड सगळे वाचणार, हे ठाऊक होतं. लिहिलं की गाळ्याचं भाडं माफ झालं आहे, अत्ती बऱ्या आहेत, यावं. 'यावं' लिहिल्यावर पेन थांबलं. आणखी खूप काही लिहायचं होतं. जागाही होती. ती तशीच कोरी ठेवून मी कार्ड पेटीत टाकलं.

हे आले. पोळ्याच्या आसपास असेल. बर्फावरची बंदी अजून उठली नव्हती, म्हणून आम्ही शेगडी आणली, दुधाची कढई ठेवली, चहाही ठेवला. पहिल्या दिवशी फार कुणी आलं नाही. खाला आली, कपड्यांचे मालक आले. मला त्याचं काही वाटलं नाही. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून आम्हाला बोलायला अख्खा दिवस मिळाला. शेगडीच्या धगीनं यांच्या कपाळावर घाम यायचा आणि बोलता बोलता ते बाहीनं पुसायचे. मी यांना साहेबांसमोरचं सगळं सांगितलं, खालाच्या हातासकट. यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा ऐकून घेतलं. संध्याकाळी फळ्या लावताना म्हणाले, "मला असं बोलाय आलं नसतं."

दिवाळीपर्यंत तसं चाललं. मग मला दिवस गेले. अत्तींना आनंद झाला, आणि त्या आनंदातच त्यांनी सांगून टाकलं की आता मंडईत जायचं नाही. साथ ओसरली असली तरी गर्दी ती गर्दीच. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. विणकराच्या घरातली ती बाईसुद्धा पोटुशी होती. दीर सकाळचं कॉलेज करून दुपारी गाळ्यावर जायला लागला. हुशार होता, पुढं त्यानंच तो धंदा वाढवला. बाळ झालं, मग दुसरं झालं. मी पुन्हा त्या फळीच्या आत कधी उभी राहिले नाही.

कधी मंडईत गेले तर गाळ्यावर जायचे. पण तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या बाजूला, बाकावर, मांडीवर मूल. पलीकडं हे आणि दीर. हे मला दूध द्यायचे, मुलाला साखर द्यायचे. "घरी सगळं बरं?" विचारायचे, जसं काही मी लांबच्या गावाहून आले होते. मी "व्हय" म्हणायचे. मग मी खालाकडं जाऊन बसायचे. ती माझ्याकडं नुसती बघायची. एरवी कुणाला न सोडणारी बाई, पण त्याबद्दल एकदाही बोलली नाही. काही वर्षांनी ती भाचीकडं राहायला गेली. तिचा गाळा आता कुलपांच्या दुकानदाराकडं आहे.

पुढं आम्ही घर बांधलं. चार खोल्या, त्यातली एक आमची. तिला दार होतं, कडी होती. पहिल्या दिवशी ती कडी लावून आम्ही दोघं पलंगावर बसलो, आणि काय बोलावं ते दोघांनाही कळेना. यांनी विचारलं, "पंखा लावू का?" मी म्हणाले, "लावा." बोलायची सवय मोडली होती. हिशेब, मुलांच्या फिया, अत्तींची औषधं, पाहुणे, हे सगळं बोलायचो. भांडलोही कधीमधी. माणूस म्हणून यांनी मला कधी दुखावलं नाही. पण मला जो माणूस हवा होता तो त्या एका उन्हाळ्यात, आणि नंतर पोळ्यापासून दिवाळीपर्यंत, मला भेटला होता. त्याच्याच घरात मी राहत होते आणि त्याची वाट बघत होते. हे कुणाला सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, हिला सुख बोचतंय.

हे जायच्या आधीच्या वर्षी असेल. यांना फिरवत नव्हतं, दुपारभर खिडकीशी खुर्चीत बसायचे. मी भाजी निवडत होते. खाली रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला, त्याच्या नळीतून पाणी सांडत होतं. हे त्याच्याकडं बघत होते. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "सांगोल्याला असताना मी तुझ्याशी बोलायचो."

"माझ्याशी? मी कुटं होते तितं?"

"न्हवतीस की. म्हणूनच. टाकीवर बसलेलो असायचो, मागं. गाडी चालू झाली की आवाजात कुणाला ऐकू यायचं न्हाय. मग बोलायचो. सगळा रस्ताभर." थोड्या वेळानं म्हणाले, "ड्रायव्हर एकदा म्हणाला, तू काय मंतर म्हणतोस का रे?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. इतक्या वर्षांत हे एकदाही सांगितलं नव्हतं यांनी. मी विचारलं, "काय बोलत होता?"

यांनी खूप आठवून बघितलं. कपाळाला आठ्या घालून, खरोखर प्रयत्न करून. मग म्हणाले, "आता आठवत न्हाय."

सांगोल्याच्या त्या रस्त्यानं मी नंतर दोनदा गेले आहे, लेकीच्या सासरी. आता तिकडं डाळिंबाच्या बागा आहेत. बसमध्ये मी खिडकीची जागा धरते आणि सगळा रस्ताभर बाहेर बघत जाते.